कुसुमचं माप चुकलं नव्हतं

हरभरा सोंगत होते मी. ऊन चढायच्या आत झाडं उपटली की घाटे फुटत नाहीत, म्हणून आम्ही बाया सकाळी लवकरच वावरात जातो. कमरेच्या पिशवीत फोन वाजला. दिराचा होता. एरवी हा माणूस फोनवर आधी दोनदा हॅलो म्हणतो, मग माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "वहिनी, कुसुम गेली." आणि फोन तसाच चालू राहिला. मागून यवतमाळच्या दवाखान्यातले आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी चिठ्ठी घेऊन खाली जा म्हणत होतं... मी काय बोलले ते मला आठवत नाही. सोबतच्या बाया सांगतात की मी फोन पिशवीत ठेवला, खाली वाकले आणि हातातली ओळ शेवटपर्यंत पुरी केली. मग धुऱ्यावर जाऊन बसले. तिच्या आणि माझ्या वावराच्या मधल्या धुऱ्यावर.

कुसुम माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन आता दीड महिना झाला. तेरवीला पुष्कळ माणसं आली. बोरी अरबकडून आली, दिग्रसकडच्या गावांमधून बाया टेम्पो करून आल्या, ज्यांना आम्ही ओळखतसुद्धा नव्हतो. सगळे चांगलंच बोलले. पण पंगतीत मी वरण वाढत होते तेव्हा आमच्याच गावची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बाकी लै गुणाची होती व. फक्त त्या हरभऱ्याचं तेवढं चुकलं तिचं." माझ्या हातात बादली होती. मी ऐकलं, आणि पुढच्या पानाकडे सरकले. त्या रात्रीपासून... नाही, रात्रीचं कशाला सांगू, दिवसाढवळ्याही तेच वाक्य कानात आहे. तिचं चुकलं नव्हतं. चूक माझी होती. हे मी तेव्हा पंगतीत बोलायला पाहिजे होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही म्हणून आता लिहायला बसले आहे.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं मी खताच्या थैल्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून लावली, तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. कुसुम मात्र दहावी पास होऊन या घरात आली. ती आली तेव्हा मी घरात जुनी झाले होते, दोन पोरांची आई होते, आणि खरं सांगायचं तर मला तिचा जरा रागच यायचा. ती कधी उलटून बोलायची नाही. पण प्रत्येक गोष्टीला 'काहून' विचारायची. तुरीच्या डाळीला पाणी आधी काहून उकळायचं? सोयाबीन काढलं की लगेच हरभरा काहून पेरायचा? मी म्हणायची, "आपल्या सासूनं केलं म्हून." ती म्हणायची, "हो बाई, पण सासूबाईनं काहून केलं असन?" आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यावं?

पुढे वाटण्या झाल्या. वावराचे दोन भाग झाले आणि मध्ये धुरा पडला. मोठ्या कामांना आम्ही एकमेकींकडे जायचो, हळदीकुंकू एकत्र करायचो, पण तो धुरा काही आमच्या डोक्यातून जाईना. पोरं मोठी झाल्यावर कुसुम कृषिसखी झाली. म्हणजे यवतमाळला प्रशिक्षणाला जायचं, तिथे जे सांगतील ते शिकायचं आणि गावोगावच्या बचत गटांतल्या बायांना शिकवायचं. साडीला पिन लावून, खांद्याला पिशवी अडकवून ती एसटीत बसायची तेव्हा गावातले लोक बघायचे. मीही बघायची.

तिच्या शिकवण्याची एक तऱ्हा होती. आधी औषध नाही, आधी मूळ. कोणाच्याही वावरात शिरली की खुरप्यानं हरभऱ्याचं नाहीतर मुगाचं एक झाड मातीसकट उचलायची, अलगद माती झाडायची आणि मुळावरच्या बारीक गाठी बायांना दाखवायची. नखानं एक गाठ फोडायची. आत गुलाबी दिसली की खूश. "हे पाहा, हा याचा सैपाक. हवेतलं नत्र घेते अन् इथं शिजवते. आपण वरून युरियाची थैली ओतली तं हे झाड आयतं खाईन, मंग मुळाले कामाले कायले लावन? नुसतं पाल्यावर जाईन, घाटे नाही धरणार." बाया हसायच्या. "आमच्या घरचे माणसंई असेच हायेत व कुसुम, आयतं खाऊन पाल्यावर गेलेले!" मग ती पिशवीतून ती पांढरी बाटली काढायची. नॅनो युरिया. अर्ध्या लिटरची बाटली. म्हणायची, कडधान्याला नत्र थोडंच लागतं, पण घाटे भरायच्या दिवसांत गाठी थकतात, तेव्हा पानावरून थोडं दिलं तर झाडाला आधार होतो. याचा कण इतका बारीक की पानाच्या तोंडातूनच आत जातो. एकदाच फवारायचं, कळ्या दिसायला लागल्या की. बायांची पहिली शंका तयारच असायची, हरभऱ्याच्या पानावरची आंब, ते आंबट पाणी, धुऊन गेली तर? कुसुम पान तोडून जिभेला लावायची. "सकाळी दव वाळलं की फवारा. आंब पुन्हा येते. मी चाखून पाह्यली."

आणि एक गोष्ट तिची मला फार उशिरा कळली. ती प्रत्येकीला चार ओळी न फवारता सोडायला लावायची. कापणीच्या वेळी दोन्हीकडचे घाटे मोजायला लावायची. एका साली तिच्याच वावरात काही फरक दिसला नाही, तर बैठकीत उभी राहून तिनं सांगितलं, "यंदा माह्याकडे काहीच फरक नाही. खोटं कायले सांगू?" अशी बाई. तिच्यावर चुकीचं सांगितल्याचा ठपका आला... आणि तो कसा आला ते आता सांगते.

त्या साली धुऱ्यावर कुसुमनं अंबाडी लावली होती. भाजीला होते, बोंडांचं सरबत होते, तिच्या घरच्यांना आवडायचं. माझं म्हणणं असं की ती अंबाडी माझ्या हद्दीत वीतभर आली आहे. वीतभर! आज लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा मी रोज सकाळी जाऊन ती वीत पाहायची. तिला एकदा बोलले, तर म्हणाली, "बाई, तुमीच तोडून न्या ना भाजीले, आपलीच तं हाय." मला त्याचाही राग आला. दिवाळीनंतर ती चार दिवस यवतमाळला प्रशिक्षणाला गेली. दीर बाजाराला गेलेला. माझ्या पोरानं, गजाननने, गाजरगवतावर मारायला आणलेलं तणनाशक घरात होतं. मी पाठीवर पंप घेतला आणि भर दुपारी धुऱ्यावरची ती अंबाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फवारून टाकली. मग गुरांच्या हाळावर पंपात एकदा पाणी घेतलं, हलवलं, ओतून दिलं. झालं.

कुसुम परत आली तेव्हा अंबाडीचे शेंडे पिळवटले होते, मुरगळून खाली आले होते. तिनं विचारलं, "बाई, हे काय झालं?" मी म्हटलं, "काय माहीत व. रोग पडला असन." तिनं एक शेंडा तोडून उलटसुलट पाहिला.

आठ दिवसांनी गटातल्या बायांना फवारणी करून दाखवायची ठरली. सगळ्यांनी वर्षभर तिचं ऐकून घेतलं होतं, आता म्हणत होत्या, एकीच्या वावरात होऊ दे, मग आम्ही करू. माझं वावर वाटेवरचं, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसणारं, म्हणून माझाच हरभरा धरला. मीही फुगून गेले. सकाळी अकरा बाया धुऱ्यावर उभ्या. गटाच्या पंपाचं नोझल ऐनवेळी निकामी निघालं. आता आली ना पंचाईत. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "माह्या घरी हाय ना पंप. कायले काळजी करता?" पंप आणला. कुसुमनं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, यानं मागच्या खेपेले काय फवारलं होतं?"

तिथं अकरा बाया उभ्या होत्या. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तणनाशक कशावर मारलं? आणि वाळलेली अंबाडी त्यांच्या पायाशीच होती. मी म्हटलं, "काही नाही. कोराच हाय. धुतलेला हाय."

तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मोठ्या जावेला सगळ्यांपुढं खोटं कसं पाडायचं, असंही असेल. पंपात पाणी भरलं, बाटलीच्या टोपणानं मोजून दोन टोपणं टाकली, मला दाखवून टाकली, आणि ढवळून माझ्या पाठीवर चढवला.

पाचव्या सहाव्या दिवशी हरभरा वाकडा झाला. शेंडे मुरगळले, देठ पिळले, पानं वाटीसारखी वळली. वाटेवरचं वावर ना, संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी बाया जमल्या. पारबता म्हणून आमच्या गटात आहे, तोंडाची फटकळ, मनाची वाईट नाही, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिकून आली मोठी! हिच्या बाटलीनं हरभऱ्याचं कंबरडं मोडलं पाहा. बरं झालं बाप्पा आमी थांबलो." कुसुम वावरात बसली. एक झाड उपटलं. मुळाकडे नाही पाहिलं तिनं या वेळी, शेंड्याकडे पाहिलं. मग मान वळवून धुऱ्यावरच्या अंबाडीकडे पाहिलं. दोन्हींचे शेंडे सारखेच मुरगळलेले. मग माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, आता बोलते. आणि ती उठून बायांना म्हणाली, "माह्यंच चुकलं असन. मापात चुकली असन मी."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "जाऊ दे कुसुम, होते असं." मोठ्या मनाची जाऊ! बायांना वाटलं, पाहा, हिचं नुकसान झालं तरी किती समजून घेते.

ती का गप्प राहिली ते मला आजही माहीत नाही. लोक म्हणतील, मन मोठं होतं. असेलही. पण ती काही देवी नव्हती. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, संक्रांतीला माझ्या घरचं वाण घ्यायला आली नाही, पोरीला पाठवलं. घरातलं भांडण चव्हाट्यावर नको असं तिला वाटलं असेल, किंवा मीच उठून सांगेन म्हणून ती वाट पाहत असेल. ही दुसरी शक्यता मनात आली की मी ताटावरून उठते.

पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. आमच्या गावात तिची बैठक बंद पडली. पहिल्या वेळी तिघी आल्या, दुसऱ्या वेळी कोणीच नाही. त्याच वेळी दिग्रसकडच्या गावांमध्ये तिला खुर्ची द्यायचे, तिच्या सांगण्यावरून मुगाला, उडदाला, तुरीला बाया मापानं फवारणी करायच्या. आणि इथं आपल्या गावात तिनं कोणाच्या वावरात झाड उपटून पाहिलं तरी बाया म्हणायच्या, "कुसुम, हात नको लावू व, चांगलं आहे ते." हे हसत म्हणायच्या. तीही हसायची. एकदा मी तिला एसटीतून उतरताना पाहिलं. परगावच्या बायांनी दिलेली वांगी होती पिशवीत. आपल्या आळीत शिरताना तिनं साडीची पिन काढून, गळ्यातलं कृषिसखीचं ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं... मी घराच्या सपरीतून, ओसरीतून, पाहत होते.

दोन वर्षांनी, अशाच एका दुपारी ती माझ्याकडे आली. हातात लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश. "बाई, पंप कुठं हाय तुमचा?" मी दाखवला. ती खाली बसली आणि पंपाच्या पोटावरून मधोमध लाल पट्टा ओढला. मग म्हणाली, "हा तणनाशकाचा. पिकाले येगळा ठेवत जा, गजाननले सांगून एक आणा. माणसाच्या ध्यानात राहत नाही, रंग असला म्हंजे बरं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती सगळ्यांच्याच घरी असे पट्टे ओढत फिरत होती त्या आठवड्यात, पारबताच्याही. पण माझ्याकडे ती सगळ्यात आधी आली होती. त्या वेळी बोलता आलं असतं मला. आम्ही दोघीच होतो. मी चहा ठेवला. ती चहा प्यायली, म्हणाली, "साखर जास्त झाली बाई," आणि गेली.

यंदा थंडीत तिला दम लागायला लागला. हृदयाची झडप खराब झाली म्हणाले. यवतमाळला नेलं. मी भेटायला गेले ती शेवटची भेट. नळ्या लावलेल्या, तोंड सुकलेलं, तरी मला पाहून पहिलं काय विचारावं? "घाटे भरले काय हो तुमचे?" मी म्हटलं, भरले. ती म्हणाली, "फवारलं होतं?" मी म्हटलं, "नाही व." ती छताकडे बघत राहिली. मी खुर्ची ओढून जवळ घेतली. घरून निघतानाच ठरवलं होतं. म्हटलं, "कुसुम, ते त्या सालचं... माह्या वावरातलं..." ती म्हणाली, "बाई, पाणी द्या ना." मी चमच्यानं पाणी पाजलं. पाणी पिऊन तिनं डोळे मिटले. झोपली असं मला वाटलं. पाच वाजता भेटायची वेळ संपली, शिपाई बाहेर चला म्हणाला, आणि मला सुटल्यासारखं झालं. हो, सुटल्यासारखंच झालं, खोटं का लिहू? उद्या परवा येऊ, हरभरा सोंगून झाला की येऊ, असं म्हणत मी एसटीत बसले.

तेरवीनंतर मी दिराला म्हटलं, गटाची बैठक तुमच्या सपरीत घ्यायची आहे. त्यानं काही विचारलं नाही, सतरंजी टाकून दिली. बाया आल्या. त्यांना वाटलं, कुसुमसाठी दोन शब्द बोलायचे असतील. मी उभी राहिले आणि अंबाडीपासून सांगितलं. वीतभर जागा, दुपार, तणनाशक, पंप, "कोराच हाय" हे सगळं. सांगताना माझा आवाज चढत गेला, जणू भांडतच होते कोणाशी. माझं सांगून संपलं. दीर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तो आत निघून गेला. मग पारबता बोलली. टोमण्याचा सूर नव्हता तिचा. म्हणाली, "आमाले सांगून आता काय फायदा, बाई? तिले सांगा लागत होतं."

पारबताचं खरं आहे. मी एवढंच करू शकते की जितक्या लोकांपर्यंत तिचं नाव चुकीचं गेलं, बाजारात गेलं, एसटीत गेलं, सोयरिकीतल्या घरांमध्ये गेलं, त्यांतल्या ज्यांच्या हाती पेपरची ही पुरवणी पडेल त्यांनी हे वाचावं. आणि ज्यांनी त्या एका हरभऱ्याला भिऊन कुसुमचं ऐकणं सोडलं, त्यांनी निदान चार ओळी फवारून, चार सोडून पाहावं. फरक नाही दिसला तर तसं सांगावं. तिनंही सांगितलं असतं.

त्या सपरीच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला, हरभऱ्याचं एक झाड काढलेलं आहे. ज्या बायांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कुसुमनं कधीतरी गेरूनं काढलेलं. खाली मुळं, मुळांवर टिकल्यांसारख्या गाठी, वर पानं आणि बाजूला पंप. पोपडे आले आहेत त्याला. दीर म्हणत होता, "वहिनी, चुना मारून टाकू काय? पाह्यलं का जीव कसातरी होते." मी त्याला नको म्हटलं नाही आणि मार असंही म्हटलं नाही, मला काय हक्क. बैठक मोडली त्या दिवशी बाया एकेक करून उठल्या, चपला शोधायला लागल्या. पारबता मात्र भिंतीपाशी थांबली. तिला अक्षरओळख नाही. पंपाच्या चित्रावर बाटलीची टोपणं काढली आहेत, त्यांच्यावर तिनं बोट ठेवलं, एक, मग दुसरं. पुढं आणखी कुठं आहे का म्हणून भिंतीवरून हात फिरवला. तिथं काही नव्हतं.

"दोनच हायेत व," ती म्हणाली. मग आत तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, या भिंतीले चुना नका मारू."